वाद्यावरचे मूळ रोगण : बारामती-इंदापूरच्या वाटेवरील वीणांच्या निमित्ताने

नाणी, ताम्रपट, शस्त्रे व वस्त्रे यांच्या अभ्यासाची शास्त्रे आपल्याकडे बऱ्यापैकी रुजली आहेत. वाद्यांच्या वाट्याला मात्र हे भाग्य उशिरा आले, आणि जे आले तेही अर्धेच. वाद्याचा विचार झाला तो त्याच्या नादाच्या, स्वरांतरांच्या व वादनपरंपरेच्या अंगाने. त्याच्या लाकडाची, भोपळ्याची व तारांची चर्चाही अधूनमधून झाली. वाद्याच्या अंगावर चढविलेले रोगण, म्हणजे त्याची बाह्य त्वचा, हा ऐतिहासिक पुरावा होऊ शकतो, ही कल्पना मात्र येथे फारशी कोणाला सुचली नाही. वस्तुतः वाद्याच्या सर्व भागांत सर्वांत आधी नाहीसा होणारा भाग तोच होय. खुंटी मोडली तर मोडलेली दिसते, तार तुटली तर कानाला कळते. पण जुने रोगण खरवडून नवे चढविले असता वाद्य पूर्वीपेक्षा देखणे दिसते, आणि काही नष्ट झाले आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास बारामती व इंदापूर हे दोन तालुके विशेष अनुकूल आहेत. तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा देहूहून निघून पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची या मार्गाने बारामतीस येतो. तेथून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे करीत इंदापूर गाठतो आणि सराटीनंतर नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करतो. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण व बेलवाडीचे गोल रिंगण यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु प्रतिवर्षी आषाढाच्या सुमारास याच वाटेने शेकडो वीणा खांद्याला लावून जात असतात, आणि एवढी तंतुवाद्ये एकाच वेळी, चालत्या स्थितीत, एका मार्गावर आढळणे हे अन्यत्र दुर्मिळ आहे, याकडे वाद्यांच्या अभ्यासकाचे लक्ष जावयास हवे.

दिंडीत वीणेकऱ्याचा मान मोठा. वीणा भुईवर ठेवावयाची नाही, एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावयाची आणि देताघेता परस्परांच्या पाया पडावयाचे, असा शिष्टाचार आहे. अखंड हरिनाम सप्ताहात तर सात दिवस व सात रात्री वीणेचा पहारा चालतो आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते. याचा परिणाम केवळ भक्तीच्या इतिहासावर होत नाही, लाकडावरही होतो. दांडीचा जो भाग सतत तळव्याखाली येतो तेथे रोगण प्रथम झिजते. भोपळ्याची जी बाजू अंगाशी टेकते तेथे घाम मुरतो. अशी झीज ही खोड नव्हे. वाद्य कोणत्या पद्धतीने धरले गेले याची ती नोंदच होय. पंडित मोरोपंतांच्या (1729-1794) बारामतीत आर्यांची हस्तलिखिते जपण्याचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. त्या आर्या ज्या कीर्तनांत गाइल्या गेल्या, त्या कीर्तनांतील वाद्यांविषयी मात्र तशी आस्था दिसत नाही.

या वाद्यांची घडण समजून घेण्यासाठी मिरजेकडे वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरू लागली तेव्हा फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे बंधू यांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तो व्यवसाय तेथे स्थिरावला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे कारागीर. पोलादाच्या झिलईवर पोसलेली नजर लाकडाच्या झिलईकडे वळली, हा योगायोग लहान मानण्याचे कारण नाही. पुढे अब्दुल करीम खाँ (1872-1937) मिरजेत राहिले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात असल्याने गायक व कारागीर यांच्यामधील अंतर तेथे आणखी कमी झाले. 2024 मध्ये मिरजेची सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे सतार-तंबोऱ्यांबरोबर भजनी वीणाही घडते. दांडी व तबली यांसाठी तून वृक्षाचे लाकूड वापरतात आणि भोपळे येतात ते प्रामुख्याने पंढरपूरच्या परिसरातून, भीमेच्या खोऱ्यातून. इंदापूर तालुक्याची सीमा ज्या भीमेने आखली तिच्याच काठचा भोपळा मिरजेस जाऊन वाद्य होऊन परततो आणि पुन्हा भीमेच्या वाळवंटाकडे चालू लागतो, असे हे चक्र आहे.

वाद्यावर चढणारे परंपरागत रोगण लाखेचे. पळस, बोर व कुसुंब यांसारख्या झाडांवर लाखेचे किडे जो स्राव साठवितात तो शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवितात आणि कापसाच्या बोळ्याने पातळ थरांवर थर चढवितात. या रोगणाचे दोन गुणधर्म इतिहासकाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एक, ते पाण्याला भिते. ओल लागली की त्यावर पांढुरके डाग पडतात. आषाढातील पावसात भिजलेली वीणा घरी येताच पुन्हा पॉलिशला जाते, त्याचे कारण हे आहे. दुसरा गुणधर्म अधिक महत्त्वाचा. वाळलेली लाख स्पिरिटने पुन्हा विरघळते. त्यामुळे नवा थर जुन्यावर नुसता बसत नाही, त्यात मिसळून जातो. हस्तलिखितात जुन्या शाईवर नवी शाई गिरवावी, तशी ही स्थिती. दहा वेळा पॉलिश केलेल्या वीणेवर दहा थर सुटे सापडत नाहीत, एकच गढूळ थर सापडतो. अलीकडे लाखेऐवजी कृत्रिम रोगणे वापरली जातात, आणि ती चढविण्यापूर्वी जुने सर्व घासून काढतात. तेथे तर पुराव्याचा प्रश्नच मिटतो.

मूळ रोगणाला प्रमाण मानण्याची दृष्टी जगात सर्वांत टोकाला गेली ती एका अगदी निराळ्या वाद्याच्या बाबतीत. ते म्हणजे अमेरिकेतील विद्युत गिटार. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील फेंडर कारखान्याने 1950 मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. 1954 मध्ये त्याच कारखान्याची स्ट्रॅटोकास्टर आली. या गिटारींचे नेहमीचे रोगण पिवळसर किंवा कडेला गडद होत जाणारे असे; परंतु ग्राहकाने शेकडा पाच जादा दिल्यास त्याच्या पसंतीचा रंग मिळे. हे रंग वाद्यांसाठी बनलेलेच नव्हते. ते ड्यूपाँ कंपनीचे मोटारींचे रंग होते. ‘फिएस्टा रेड’ हा 1956 च्या थंडरबर्ड मोटारीचा, तर ‘लेक प्लॅसिड ब्लू’ हा 1958 च्या कॅडिलॅकचा. जादा दाम देणारे थोडेच निघाले, म्हणून या रंगांच्या गिटारी मुळातच कमी बनल्या. पुढे फॅशन पालटली तेव्हा त्यांतील पुष्कळ घासून नव्याने रंगविल्या गेल्या. जानेवारी 1965 मध्ये फेंडरचा कारखाना सीबीएस कंपनीकडे गेला, आणि त्या दशकाच्या अखेरीस नायट्रोसेल्युलोजच्या पातळ रोगणाची जागा पॉलिएस्टरच्या जाड थराने घेतली. त्यानंतर जुन्या गिटारींच्या संग्राहकांचा जो वर्ग तयार झाला, त्याने मूळ रोगणास इतके महत्त्व दिले की नव्याने रंगविलेल्या वाद्याची किंमत, बाकी सर्व भाग मूळचे असूनही, साधारणतः निम्म्यावर येते.

ही बाजाराची विकृती म्हणून सोडून देता येईल, आणि तिच्यात विकृतीचा अंश आहेही. परंतु त्या हव्यासातून काही पक्के ज्ञान निपजले, हे नाकारता येत नाही. वरचा पारदर्शक थर कालांतराने पिवळा पडतो, म्हणून निळी गिटार हिरवट दिसू लागते आणि पांढरी सायीच्या रंगाची होते. गिब्सन कंपनीच्या 1958 ते 1960 मधील लेस पॉल गिटारींवरील तांबडा रंग उजेडाने उडून जातो, तर त्याच कंपनीच्या सोनेरी गिटारींतील पितळी भुकटी घामाने हिरवी पडते. संग्राहकांनी हे सर्व बारकाईने नोंदले. जुने नायट्रोसेल्युलोज अतिनील प्रकाशात हिरवट-पिवळे चमकते व जुनी लाख नारिंगी चमकते, ही परीक्षाही आज सर्वमान्य आहे. तिच्यासाठी वाद्याला ओरखडाही काढावा लागत नाही.

तरीही ‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. बीटल्स वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांची 1961 ची स्ट्रॅटोकास्टर फिकट निळ्या रंगाची होती. 1967 मध्ये त्यांनी स्वतःच ती भडक रंगांनी रंगविली. कारखान्याचे रोगण झाकले गेले, पण आज ते वरचे रंग काढून खालचा निळा उघडा करावा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. जो थर घडणीचा साक्षीदार तो मूळ, की जो वापराचा साक्षीदार तो मूळ? वीणेच्या बाबतीत उत्तर आणखी अवघड आहे. भजनी मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या केलेले पॉलिश हीसुद्धा सेवाच असते. ती अभ्यासकाच्या सोयीसाठी थांबवा, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

संग्रहाचा आपल्याकडील थोर आदर्श म्हणजे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (1896-1990). गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे यांच्याबरोबर वाद्येही गोळा केली, आणि 1975 मध्ये वीस हजारांच्या घरातील हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यदालन पाहिले की संग्रहाने काय वाचते हे कळते. तेथे वाद्य ऊन, पाऊस व घाम यांपासून सुरक्षित असते आणि त्याचे रूप टिकते. मात्र त्याचा नाद तेथे थांबतो. वारीतील वीणा अशा रीतीने दालनात आणता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही होऊ नये. जी भुईवरही ठेवत नाहीत ती विकत घेण्याची भाषा करणे अनुचित होय. अमेरिकेतील गिटार पेटीत बंद झाली म्हणून तिचे रोगण वाचले. येथे वीणा हातात राहते म्हणूनच तिला मान आहे. तेव्हा बारामती-इंदापूरच्या टापूत संग्रह करावयाचा तो वाद्यांचा नव्हे, त्यांच्या नोंदींचा.

अशी नोंद पालखीच्या मुक्कामी, वीणेकऱ्याच्या संमतीने व वीणा त्याच्याच हाती असताना घेता येईल. कोणत्या गावची दिंडी, वीणा कोठून आली, शेवटचे पॉलिश कधी व कोणाकडून झाले, झीज कोठे आहे, एवढे प्रश्न पुरेत. त्यापेक्षा अधिक हवे असेल तर संधी पॉलिशच्या वेळीच मिळते, कारण तेव्हा कारागीर वाद्य मोकळे करतो. गिटारींचे संग्राहक मूळ रंग शोधताना दर्शनी पृष्ठभागाकडे पाहत नाहीत. ते वरची संरक्षक पट्टी काढून तिच्याखाली पाहतात, मान जेथे धडात बसते त्या खाचेत पाहतात, कारण तेथे ना उजेड पोहोचलेला असतो ना हात. वीणेवर व तंबोऱ्यावर तशा जागा म्हणजे घोडीच्या पायांखालची तबली, खुंट्यांच्या भोकांच्या कडा आणि तारा जेथे अडकवितात त्या लंगोटाखालचा बोटभर भाग. घोडी हलवून तेथील रोगणाचा रंग पाहण्यास आणि त्याचे एक छायाचित्र घेण्यास पाच मिनिटे लागतात. त्यानंतर कारागिराने आपला बोळा खुशाल फिरवावा.