खातेवहीच्या समासातील अक्षरे

बिटकॉइन ही मुळात पैशाच्या देवघेवीची खातेवही आहे. कोणाकडून कोणाकडे किती रक्कम गेली एवढेच तिने नोंदवावे, अशी तिची रचना आहे, आणि तिची एकसारखी प्रत जगभरातील हजारो संगणकांवर असल्यामुळे एकदा चढलेली नोंद पुढे खोडता येत नाही. व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, एकापुढे एक गुंफलेले असल्याने तिला ब्लॉकचेन म्हणतात. या वहीत माणसांनी रकमांबरोबर शब्दही लिहिले, आणि त्या शब्दांसाठी जागा कोठे शोधली गेली यावरच पुढचे बहुतेक वाद उभे राहिले. व्यवहाराच्या दस्तऐवजात अधिकचा मजकूर येणे ही तशी जुनी रीत आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांतही दान दिलेल्या जमिनीच्या सीमांबरोबर दात्याची वंशावळ आणि दान हिरावून घेणाऱ्यासाठी शापवचने कोरलेली आढळतात.

बिटकॉइनमधील पहिला मजकूर पहिल्याच ब्लॉकमध्ये आहे. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेणाऱ्या निर्मात्याने त्यात ३ जानेवारी २००९ च्या लंडनच्या ‘द टाइम्स’चा मथळा घातला, बँकांना दुसऱ्यांदा सरकारी मदत देण्याच्या उंबरठ्यावर ब्रिटनचे अर्थमंत्री उभे आहेत, असा त्याचा आशय होता. त्यामुळे हा ब्लॉक त्या तारखेच्या आधी तयार झालेला नाही हे सिद्ध झाले, आणि बँकव्यवस्थेविषयीचे मतही न बोलता नोंदले गेले. मथळा ज्या जागेत बसवला ती जागा ब्लॉक तयार करणाऱ्याला, म्हणजे मायनरला, नवी नाणी बक्षीस देणाऱ्या व्यवहारात असते आणि जास्तीत जास्त १०० बाइटांची असते. एलिजियस या मायनरांच्या गटाने २०११ मध्ये याच जागेत ख्रिस्ती प्रार्थना लिहिल्या. ठरावीक काळाने निम्मे होणारे मायनरचे हे बक्षीस तिसऱ्यांदा निम्मे होण्याच्या आदल्या ब्लॉकमध्ये, मे २०२० मध्ये, दुसऱ्या एका गटाने अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या अर्थसाहाय्यावरचा वृत्तपत्रीय मथळा घालून पहिल्या ब्लॉकची आठवण जागवली.

ही सोय मायनरांपुरती होती. इतरांनी जी वाट काढली तिचे सर्वांत हृद्य उदाहरण २०११ मधील आहे. निनावी ईमेल पाठवण्याच्या ‘मिक्समास्टर’ या प्रणालीची देखभाल करणारे आणि बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे संशोधन करणारे गूढलेखनतज्ज्ञ लेन सॅसमन यांचे त्या वर्षी ३ जुलैला, वयाच्या ३१ व्या वर्षी, निधन झाले. त्यांचे स्नेही डॅन कामिन्स्की आणि ट्रॅव्हिस गुडस्पीड यांनी अक्षरांची चित्रे रचून सॅसमन यांचा चेहरा आणि श्रद्धांजलीचे शब्द साखळीत घातले. बिटकॉइनचा पत्ता हा २० बाइटांचा एक अंक असतो. त्या अंकाच्या जागी २० अक्षरांची ओळ ठेवली की पाहणाऱ्या संगणकाला तो पत्ताच वाटतो आणि तो नोंद स्वीकारतो. अशा पत्त्याची किल्ली कोणाकडेच नसल्यामुळे त्यावर पाठवलेली रक्कम कायमची जाते. स्मारकासाठी पैसा खर्च होतो हे नवे नाही, पण येथे तो पैसा कोणाच्याही हाती पडला नाही, दगड झाला, आणि यातच या कृतीचे गांभीर्य आहे. कामिन्स्की यांचे २०२१ मध्ये निधन झाले; ती ओळ न् ओळ मात्र जागेवर आहे.

या युक्तीचा भार मात्र इतरांवर पडत होता. खोट्या पत्त्यावरची रक्कम कधीतरी खर्च होईल असे गृहीत धरून प्रत्येक संगणकाला ती न खर्चलेल्या रकमांच्या यादीत सांभाळावी लागते. एप्रिल २०१३ मध्ये तर सातोशीचा मूळ शोधनिबंध, सुमारे १८४ किलोबाइटांची संपूर्ण फाइल, नऊशेहून अधिक तुकड्यांत एकाच व्यवहारात घालण्यात आली. अखेर मार्च २०१४ मध्ये बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या ०.९ या आवृत्तीने ‘ओपी-रिटर्न’ या आज्ञेमागे ४० बाइटांची जागा अधिकृतपणे मोकळी केली. तेथील मजकूर खर्चता येत नाही हे उघड असल्याने तो त्या यादीत जात नाही. साखळीत माहिती साठवण्यास ही संमती नव्हे, असेही तेव्हाच स्पष्ट करण्यात आले. पुढे ही मर्यादा ८० बाइटांवर गेली. इंग्रजीला त्यात ८० अक्षरे मिळत. देवनागरीत मात्र प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलंत चिन्ह तीन तीन बाइट घेते, म्हणून ‘नमस्कार’ या एका शब्दालाच २१ बाइट लागतात आणि मराठी मजकूर २६ चिन्हांतच संपत असे.

इथेरियम या दुसऱ्या साखळीत अशी अडचण नव्हती, कारण तेथे व्यवहाराला माहितीचा रकाना आरंभापासूनच जोडलेला आहे आणि शुल्क भरले की त्यात लांब मजकूर मावतो. पेकिंग विद्यापीठातील एका विद्यार्थिनीने १९९८ मधील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणाची माहिती मागितल्यावर तिच्यावर दबाव आला. त्याविषयीचे तिचे खुले पत्र चिनी समाजमाध्यमांवरून हटवले जात असताना, २३ एप्रिल २०१८ रोजी कोणा अज्ञाताने ते शून्य रकमेच्या व्यवहारात इथेरियमवर नोंदवले. पैसा हलला नाही, फक्त शब्द हलले. त्याच वर्षी जुलैमध्ये निकृष्ट लसींवरचा एक हटवलेला लेखही याच वाटेने जपला गेला. या साऱ्या इतिहासात न खोडता येण्याच्या गुणाचे याहून खरे प्रयोजन दिसत नाही.

जानेवारी २०२३ पासून ‘ऑर्डिनल्स’ पद्धतीने बिटकॉइनमध्ये चित्रांची रीघ लागली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुख्य सॉफ्टवेअरच्या ३० व्या आवृत्तीने ओपी-रिटर्नची मर्यादा एक लाख बाइटांपर्यंत सैल केली. अनेक संगणकचालकांनी त्याला विरोध करून ‘नॉट्स’ हे कडक मर्यादांचे सॉफ्टवेअर स्वीकारले. ते सांभाळणारे ल्यूक डॅशजर हेच पूर्वी एलिजियस चालवत असत. त्यांच्या गटाच्या प्रार्थना मायनरच्या हक्काच्या शंभर बाइटांत बसल्या होत्या आणि न खर्चलेल्या रकमांच्या यादीत त्यांनी एकाही नोंदीची भर घातली नव्हती.