आठ आठवड्यांची तारीख

क्रोहन्स या आतड्याच्या आजारावर इन्फ्लिक्झिमॅब हे औषध सुरू झालेल्या रुग्णाचे वर्ष डोसच्या तारखांनी मोजले जाते. पहिला डोस, दोन आठवड्यांनी दुसरा, सहाव्या आठवड्यात तिसरा आणि मग दर आठ आठवड्यांनी दोनेक तास हाताला सलाइन. लग्न, परीक्षा, गावची जत्रा, सगळे या तारखेच्या अलीकडे-पलीकडे बसवावे लागते. मग तब्येत सुधारली की घरात प्रश्न निघतो: आता बरे आहे, एक डोस टाळला तर काय बिघडते? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या औषधाच्या इतिहासात सापडते. ही तारीख औषधाबरोबर जन्मली नाही. एका डोसवर भागेल ही आशा मावळल्यावर रुग्णांच्या शरीरांनीच ती डॉक्टरांना शिकवली.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील क्रोहन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी 1932 मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक दशके रुग्णापुढे शस्त्रक्रिया आणि पुढे स्टेरॉइड, एवढेच मुख्य मार्ग होते. आतडे कापले तरी आजार परत येई. 1975 मध्ये न्यूयॉर्कमध्येच कर्करोगाच्या संशोधनातून ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर म्हणजे टीएनएफ हे द्रव्य ओळखले गेले. त्याला अडवणारे प्रतिपिंड न्यूयॉर्क विद्यापीठात यान विल्चेक आणि जुन्मिंग ल यांनी उंदराच्या पेशींतून मिळवले आणि सेंटोकोर कंपनीने त्याला मानवी प्रतिपिंडाचा भाग जोडला; तेच हे इन्फ्लिक्झिमॅब. आधी ओढा होता तो रक्तातल्या जंतुसंसर्गावरच्या उपचाराकडे. आतड्याच्या आजारावर ते वापरून पाहिले अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी, आणि 1993 मध्ये एका मुलीला झालेल्या फायद्याची नोंद छापून आली. 1997 मध्ये 108 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले: वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅम या मात्रेचा एकच डोस मिळालेल्यांपैकी 81 टक्क्यांना चार आठवड्यांत गुण आला, नुसते सलाइन मिळालेल्यांत 17 टक्क्यांना. ऑगस्ट 1998 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तीही नेहमीच्या आजारासाठी एका डोसची, आणि आतड्यातून त्वचेपर्यंत फुटलेल्या वाटांसाठी तीन डोसची. पुढे काय करायचे, ते त्या मान्यतेत नव्हते.

पुढे झाले ते असे, की गुण ओसरू लागला. आजार उसळला की डोस, शांत झाला की थांबा, अशी रीत मग रूढ झाली. महागडे औषध जपून वापरण्याचा तो साधा व्यवहार होता. बेल्जियममध्ये अशा रीतीने उपचार घेतलेल्या 125 रुग्णांचे रक्त तपासले गेले आणि 2003 मध्ये जे प्रसिद्ध झाले ते या इतिहासातले सगळ्यात महत्त्वाचे पान आहे, असे मला वाटते. 61 टक्के रुग्णांच्या शरीराने औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार केली होती. ती जास्त असलेल्यांत एका डोसचा गुण 35 दिवस टिकला, कमी असलेल्यांत 71 दिवस. सलाइन चालू असताना होणारी रिअॅक्शनही प्रतिपिंडे जास्त असलेल्यांतच अधिक. औषधाचा काही भाग उंदराचा; मधे मोठा खंड पडून ते पुन्हा आले, की शरीर त्याला परके म्हणून ओळखते. त्याआधी 2002 मध्ये 573 रुग्णांच्या चाचणीने दुसरी बाजू दाखवली होती: पहिल्या डोसला प्रतिसाद देणाऱ्यांपैकी ज्यांना पुढे दर आठ आठवड्यांनी त्याच मात्रेचे नियमित डोस मिळाले, त्यांतले 39 टक्के तिसाव्या आठवड्यात लक्षणमुक्त होते; ज्यांना मिळाले नाहीत, त्यांतले 21 टक्के.

यावर आक्षेप असा, की आयुष्यभराचा डोस कंपनीच्याच सोयीचा. कंपनीचा फायदा झाला हे खरेच, आणि आठ हा आकडाही पवित्र नाही; डॉक्टर गरजेप्रमाणे तो चार-सहावर आणतात. औषध कधीच थांबवता येत नाही असेही नाही. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये दीर्घकाळ शांत असलेल्या 115 रुग्णांचे इन्फ्लिक्झिमॅब थांबवून पाहिले गेले. वर्षभरात सुमारे 44 टक्क्यांचा आजार उलटला. पण तिथे तपासण्या करून, सोबतचे दुसरे औषध चालू ठेवून आणि रुग्णावर नजर ठेवून औषध थांबवले होते. तारीख चुकवणे वेगळे. दुसरा आक्षेप महाराष्ट्रात जास्त जड आहे: टीबीचा. टीएनएफ अडवले की शरीरात दबून राहिलेला टीबी डोके वर काढू शकतो. 2001 मध्ये अशा 70 रुग्णांची नोंद छापून आली, त्यांतल्या बहुतेकांना तीन किंवा त्याहून कमी डोस झाले होते. त्यात आतड्याचा टीबी दिसतोही क्रोहन्ससारखाच. म्हणून पहिल्या डोसआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी व्हायलाच हवी, आणि ताप किंवा रेंगाळलेला खोकला असेल तर डॉक्टर डोस पुढे ढकलतात ते योग्यच आहे. तो निर्णय मात्र त्यांना घेऊ द्या. प्रवास, पैसे, सुट्टी, कारण कोणतेही असो, तारीख चुकणार असे दिसले तर ती उलटण्याआधीच आपल्या डॉक्टरांना फोन करा.