भुलाबाईचा खाऊ

पावसाळी संध्याकाळी चौथी-पाचवीतल्या मुलींनी घरात काय खेळावे, याचे उत्तर आपल्या यवतमाळकडे फार जुने आहे. भाद्रपदी पौर्णिमेस भुलोबा-भुलाबाई मांडायच्या आणि कोजागिरीपर्यंत घरोघर टिपऱ्यांवर गाणी म्हणायची. भुलाबाई म्हणजे भिल्लिणीच्या रूपातील पार्वती, अशी समजूत. पुण्याकडे भोंडल्यात पाटावरील हत्तीभोवती फेर धरतात. खाऊ ओळखणे मात्र दोन्हीकडे आहेच. विदर्भ मुंबई राज्यात आला १९५६ साली. पोरींचे खेळ त्याच्या कितीतरी आधी एक झालेले होते!

गाणी संपली की झाकलेला डबा पुढे येई. तो हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, मग गोड की तिखट, भाजलेले की तळलेले, असे विचारीत जायचे. खरी चुरस इथेच.

एके वर्षी आमच्या घरी गुळाखेरीज काही नव्हते. मी रडवेली झाले. आईने खडे फडक्यात घट्ट गुंडाळून डब्यात ठेवले. डबा वाजेना, वासही येईना. साऱ्या जणी हरल्या. आदल्या दिवशी मोठ्या वाड्यातले पेढे पहिल्याच दमात ओळखले गेले होते. मुलगे दाराआडून चुकीची नावे ओरडत. गुळाचा खडा त्यांनाही मिळाला.