मास्तर व्हायला काय लागतं?

मागच्या आठवड्यात बहिणीच्या नातीचा फोन आला होता. बारावी झाली आहे, मास्तरीण व्हायचं म्हणते. "आबाजी, बी.एड.ला किती टक्के लागतात?" मी सांगितलं, पदवीला पन्नास, मागासवर्गीयांना थोडी सवलत, वर सीईटी. हे उत्तर तिला मोबाईलवरही मिळालं असतं, पण फोन ठेवल्यावर माझ्याच डोक्यात तो प्रश्न घोळत राहिला. हे पन्नास टक्के आले कुठून? आमच्या वेळी तर पदवी पास असली की पुरे होतं. माझ्या वर्गात थर्ड क्लासवाले चिक्कार होते, आणि त्यातले दोघे-तिघे पुढे फार चांगले शिक्षक झाले. (फर्स्ट क्लासवालेही झाले, नाही असं नाही!)

मग जुनी पुस्तकं काढली. म्हातारपणी दुसरं काम काय!

आपल्याकडे मास्तर कोण होऊ शकतो, हा प्रश्न टक्क्यांच्या फार आधी विचारला गेला आहे, आणि तो विचारणारा माणूस होता जोतीराव फुले. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी हंटर कमिशनपुढे लेखी निवेदन दिलं. प्राथमिक शाळांत बहुतेक मास्तर ब्राह्मण आणि तेही पुष्कळदा बिनट्रेनिंगचे, त्यांची कुणब्याच्या पोरांशी जवळीक होत नाही, म्हणून शेतकरी वर्गातलीच माणसं शिकवून तयार करा, असं त्यांचं मागणं. वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा मास्तर त्यांना हवा होता. पगार किमान बारा रुपये, मोठ्या गावात पंधरा-वीस. आता ही "प्रवेशाची अट" गुणपत्रिकेत कुठे बसवायची सांगा! पण आमच्या तुमसरसारख्या धानाच्या मुलखात, जिथे रोवणीच्या दिवसांत अर्धा वर्ग बांधीत असतो, तिथे तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रोवणी म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे तो मास्तर हजेरी वेगळ्या नजरेने घेतो.

आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. मुंबई राज्यात आपण आलो १९५६ साली, त्यामुळे पी.टी.सी. वगैरे शब्द आपल्याकडे उशिरा आले. जुनी माणसं म्हणायची "नॉर्मल पास". गावात नॉर्मल पास मास्तर म्हणजे मोठा मान. पदवीधरांना ट्रेनिंग घ्यायचं तर जबलपूरचं स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज, म्हणजे देव्हाडीला तुमसर रोड स्टेशनवर गाडी धरा आणि जा परमुलखात. पैसे असतील त्यानेच. कागदावर अट पदवीची, पण खरी अट खिशाची. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली. तिथून झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा आला. त्यात शिक्षकांच्या ट्रेनिंगला कोण येऊ शकेल हे स्पष्ट लिहिलं आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, किंवा व्हर्नाक्युलर फायनल होऊन दोन वर्षं शिकवण्याचा अनुभव असलेला. मला यातल्या त्या "किंवा"चं कौतुक वाटतं. इंग्रजी शाळेचं तोंड न पाहिलेला, पण दोन वर्षं पोरांपुढे उभा राहिलेला खेड्यातला माणूस त्यांनी मॅट्रिकवाल्याच्या शेजारी बसवला. शिकवण्याचा अनुभव ही पात्रता धरली. ट्रेनिंग तीन वर्षांचं! आणि पगार शक्यतो पंचवीस, विसाच्या खाली कधीही नाही.

त्याच सुमारास आपल्या प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली. गावाने जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. शिक्षकांसाठी १९३८ मध्ये वर्ध्याला ट्रेनिंग स्कूल निघालं. उमेदवाराला प्रतिज्ञा करावी लागे, की पंधरा रुपये महिन्यावर वर्षानुवर्षं सेवा करीन. समितीने विसाच्या खाली नको म्हटलेलं, इथे पंधरा! फुल्यांच्या बारा रुपयांनंतर छप्पन्न वर्षांनी तीन रुपये वाढ. तरीही थोड्याशा जागांसाठी अर्जांचा पाऊस पडला. लोक याला त्याग म्हणतात. त्यागही असेल, मी नाकारत नाही. पण बेकारीही होती, आणि पंधरा रुपयांवर आयुष्य बांधून घेणाऱ्याची बायको काय म्हणाली असेल हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. योजना पुढे फार टिकली नाही.

स्वातंत्र्यानंतरचं भरभर सांगतो. १९९३ च्या कायद्याने एनसीटीई आली, टक्के आणि नियम एका छापाचे झाले. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं. त्यामुळे फी दुप्पट, खोलीभाडं दुप्पट.

आणि मधल्या काळात कॉलेजांचं पीक! आपल्या महाराष्ट्रात डी.एड.ची इतकी कॉलेजं निघाली की शेवटी राज्य सरकारच म्हणू लागलं, आता पुरे. तरी एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीने २९१ कॉलेजांना मान्यता दिली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०११ मध्ये कोर्टाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला. त्या कॉलेजांची तपासणी झाली तेव्हा बहुतेक निकषात बसत नव्हती. विद्यार्थ्याला पन्नास टक्क्यांची अट, आणि त्याला शिकवणाऱ्या कॉलेजला? आयोगाने २०१२ च्या अहवालात प्रवेशाआधी उमेदवाराचा कल तपासा, असंही सुचवलं. तोवर हजारो पोरांच्या बापांनी धानाचे पैसे भरून टाकले होते. २००० साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेत प्राथमिकला तीन हजार रुपये महिना मिळे, तेवढ्यासाठीही रांगा होत्या. आणि २०१२ नंतर भरती कित्येक वर्षं ठप्पच. डी.एड. झालेली पोरं मी राइस मिलवर पोती मोजताना पाहिली आहेत.

आता नातीपुढे आणखी एक वाट आहे, बारावीनंतर चार वर्षांचा एकत्रित कोर्स. लोक त्याला नवीन म्हणतात. अहो, भोपाळच्या रीजनल कॉलेजात असा कोर्स साठच्या दशकात होता! १९६३ साली देशात अशी चार कॉलेजं निघाली. मी तिला सांगितलं, जमलं तर हाच कर, एक वर्ष वाचेल. पण आपल्या भागात असं कॉलेज कुठे आहे ते आधी बघ, नाहीतर वाचलेलं वर्ष खोलीभाड्यात जाईल.

आणि दार एकदा ओलांडलं की संपलं, असंही राहिलेलं नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. माझा एक जुना विद्यार्थी झेडपीच्या शाळेत आहे, वय सत्तेचाळीस, वीस वर्षं नोकरी झाली. केस पिकलेत. सध्या शाळा सुटली की माझ्याकडे मराठी व्याकरणाला येतो. काल प्रयोग झाले. उद्यापासून समास घेणार आहे.