स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची तपासणी आणि सुरतेचे प्रकरण

सुरतेच्या हिरेबाजारात लाखोंचा माल आजही पुष्कळदा साध्या चिठ्ठीवर आणि तोंडी शब्दावर फिरतो. ब्लॉकचेनवरील ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ची कल्पना याच्या दुसऱ्या टोकाची. येथे शब्द देणारा माणूस नकोच. कराराच्या अटी आज्ञावलीत लिहायच्या आणि अट पूर्ण होताच व्यवहार आपोआप घडायचा. साखळीवर एकदा चढलेली आज्ञावली सहसा बदलता येत नाही. चूक राहिली तर तीही कायमची राहते आणि ती जगातील कोणालाही वाचता येते. म्हणून अशा चुका आधीच हुडकणे हे आता स्वतंत्र शास्त्र बनले आहे.

या शास्त्राला खरी निकड आली ती जून २०१६ मध्ये. इथेरियमवरील ‘द डाओ’ या सामूहिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर वळवले गेले. दोष केवळ क्रमाचा होता. खातेदाराला रक्कम आधी दिली जाई आणि शिल्लक नंतर कमी केली जाई. रक्कम घेणारा हा स्वतःच दुसरा कॉन्ट्रॅक्ट होता. नोंद होण्याच्या आतच त्याने पुन्हा मागणी केली, पुन्हा केली, आणि दर वेळी शिल्लक जुनीच दिसत राहिली. खातेवहीत लिहिण्याआधी नोटा मोजून देणाऱ्या रोखपालाची जी गत व्हावी, तीच झाली.

त्याच वर्षी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी ‘ओयेंटे’ हे साधन पुढे आणले. आज्ञावलीतील संभाव्य वाटा गणिती चिन्हांच्या आधारे चालून पाहणाऱ्या या साधनाने १९,३६६ कॉन्ट्रॅक्टपैकी ८,८३३ संशयास्पद ठरवले. अर्थात संशय म्हणजे सिद्ध दोष नव्हे. खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण ही अशा साधनांची जुनी डोकेदुखी आहे. पुढे ‘स्लिदर’सारखी, आज्ञावली न चालवता तिची रचना वाचणारी, आणि ‘एकिडना’सारखी, उलटसुलट माहितीचा मारा करून नियम कोठे मोडतो ते पाहणारी साधने आली. तरीही ओळखीच्या चुका टिपणे यंत्राला जमते तितके कराराचा हेतू समजणे जमत नाही. भारतीय संस्थापकांनी उभारलेल्या पॉलिगॉनमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये सापडलेली त्रुटी एका बाहेरच्या संशोधकाने कळवली होती. ९ अब्जांहून अधिक मॅटिक नाणी त्यामुळे धोक्यात होती. दुरुस्ती लागू होईपर्यंत ८,०१,६०१ नाणी चोरीस गेलीच.

सुरतेशी जोडल्या गेलेल्या ‘बिटकनेक्ट’ प्रकरणात मात्र यांतील एकही साधन कामास आले नसते. गुंतवणूकदाराने बिटकॉइन द्यायचे, बदल्यात बिटकनेक्टचे नाणे घ्यायचे आणि तेच नाणे योजनेत अडकवून ठेवायचे. परतावा महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत. हा नफा स्वयंचलित ‘ट्रेडिंग बॉट’ कमावतो, असे सांगितले जाई. नाणे साखळीवर होते, पण नफ्याचे वचन तपासता येईल अशा कोणत्याही आज्ञावलीत नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये ही योजना बंद झाली आणि नाण्याचा भाव कोसळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत संस्थापक सतीश कुंभाणी यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. त्यात फसवणुकीचा आकडा सुमारे २.४ अब्ज डॉलर सांगितला आहे. जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्याच पैशातून परतावा दिला जात होता, असा आरोप आहे.

म्हणूनच जाणकार लेखापरीक्षक आज्ञावली उघडण्याआधी एक साधा प्रश्न विचारतात: दिलेल्या वचनाचा किती भाग साखळीवर आहे आणि किती कोणाच्या हाती? मालकाला नवी नाणी पाडता येतात का, व्यवहार गोठवता येतात का, किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे त्यापुढचे प्रश्न.

सुरतेत नोंदवलेल्या गुन्ह्याच्या आधारे सक्तवसुली संचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले. त्यासाठी अनेक डिजिटल पाकिटांमधील व्यवहारांचा माग काढावा लागला आणि प्रत्यक्ष छापेही घालावे लागले.