सात वार, सात उंबरे



‘विद्यार्थ्यांचे समाजभान आणि वेळेचे नियोजन’ असा विषय मला देण्यात आला आहे. हे दोन विषय एकत्र कसे, असा प्रश्न कुणास पडेल. मला तो पडला नाही. आमच्या घरात ते एकत्रच आले होते. माझे वडील १९३६ साली बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यातून धारवाडला शिकावयास आले आणि वार लावून जेवले.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. शिक्षणासाठी दूरदूरची मुले येथे येत. शाळेची फी कशीबशी भरली जाई, पण जेवणाचे काय? माधुकरी मागणारा विद्यार्थी झोळी घेऊन घरोघर फिरे. वार लावणाऱ्याची घरे ठरलेली असत. सोमवारी एक, मंगळवारी दुसरे. कन्नडात यालाच ‘वारान्न’ म्हणतात.

वडिलांपाशी घड्याळ नव्हते. त्यांचे वेळापत्रक त्या उंबऱ्यांवर लिहिलेले होते. वकिलांकडे कोर्टाच्या वेळेमुळे पाने लवकर मांडली जात. भिक्षुकांकडे नैवेद्य झाल्याखेरीज पान वाढले जात नसे. त्या दिवशी शाळेपर्यंत धावावे लागे. उशीर केला तर घरची माउली अन्न झाकून उपाशी बसून राही. वेळ पाळणे म्हणजे आपल्यासाठी खोळंबलेल्या माणसाचा मान राखणे, हे ते तेथे शिकले. कोणत्या घरात कोण शेवटी जेवते, कुणाचा शब्द चालतो, कुणाचा चालत नाही, हेही त्यांनी तेथेच पाहिले.

परंतु या पद्धतीचे नुसते गोडवे गाणे इतिहासाला धरून होणार नाही. वडिलांना शनिवारचे घर कधी मिळालेच नाही. ‘माझा मारुतीचा उपास असतो’ असे ते सोबत्यांना सांगत. हे आम्हां मुलांना त्यांच्या उतारवयात कळले. शिवाय ज्या उंबऱ्यांनी त्यांना आत घेतले, ते बहुधा जात पाहूनच उघडत. ज्यांच्यासाठी ते उघडत नव्हते, त्या मुलांचे सातही वार कोरडे होते. आणि मुलींचा तर तेथे विचारच नव्हता.

ही उणीव ज्यांनी ओळखली, त्यांनी वसतिगृहे काढली. जमखंडीत जन्मलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. तिची शाखा हुबळीलाही निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली स्थापन केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीने दलित विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे चालविली, त्यांपैकी एक धारवाडचे होते. येथील मुरुघामठात मृत्युंजय स्वामींनी खेड्यांतील गरीब मुलांच्या अन्नाची सोय केली. तिकडे साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सुरू केलेल्या बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू, जेवू आणि कष्ट करू लागली. दात्याच्या सोयीने ठरणारी वेळ वसतिगृहात सर्वांच्या घंटेने ठरू लागली. मुलाला उपकाराच्या ओझ्याखाली मान खाली घालावी लागेना, हा बदल लहान नव्हे. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. वाराच्या दयेपासून ताटाच्या हक्कापर्यंत यावयास आपल्याला इतकी वर्षे लागली.

आज मुलांना वेळापत्रक आखून देणारे पुष्कळ आहेत. त्यात गणिताला एक तास, खेळाला अर्धा तास, असे सारे असते. माणसे मात्र नसतात. शिक्षकांना माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका आठवड्याची नोंद लिहून घ्यावी. पाणी कोणी भरले, डबा कोणी केला, वर्ग कोणी झाडला, माझा अभ्यासाचा एक तास कुणाकुणाच्या किती तासांवर उभा आहे, हे त्यात यावे. ज्याला हा हिशेब कळला, त्याला वेळ वाया घालवू नकोस असे वेगळे सांगावे लागणार नाही. आणि एखाद्या नोंदीत एखादा वार रिकामा दिसला, तर शिक्षकांनी त्या मुलाला एकट्याला जवळ बोलावून विचारपूस करावी.

माझ्या लहानपणी आमच्या घरी दर शनिवारी एक पान जास्त मांडले जाई आणि कुणीतरी परगावचा विद्यार्थी जेवावयास येई. शनिवारच का, हे मी तेव्हा कधी विचारले नाही.