दुर्बीण कोणत्या रायफलीची?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे आपल्याकडे इतिहासाच्या गप्पा रायफलींवर यायला वेळ लागत नाही. त्यात एक प्रश्न हमखास निघतो. आता सगळीकडे प्रमाणित रेल आली, मग एका रायफलीवरची दुर्बीण काढून दुसरीवर लावली तर चालेल ना? माझं उत्तर असं : दुर्बीण बसेल, पण नेम तिच्याबरोबर येणार नाही. बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. हा फरक समजायला सैन्यांना बरीच किंमत मोजावी लागली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी घाईघाईने दुर्बिणीच्या रायफली आघाडीवर पाठवल्या. मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी पलटणीपलटणीत जाऊन त्या तपासल्या, तेव्हा कित्येक दुर्बिणी आपल्या रायफलीशी जुळलेल्याच नाहीत असं आढळलं. समोरचा जर्मन नेमबाज अर्थातच थांबणार नव्हता. दुर्बीण आहे म्हणून विसंबलेल्या शिपायाच्या जिवावरच ते बेतायचं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी यावर जो उपाय केला, तो मला यंत्रशाळेतला माणूस म्हणून फार आवडतो. त्यांची स्नायपर रायफल म्हणजे नंबर ४ मार्क १ (टी). कारखान्यात अचूक ठरलेल्या रायफली निवडून काढायच्या आणि हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवायच्या. १९४२ पासून बहुतेक काम तिथंच झालं. रायफलीच्या डाव्या बाजूला दोन बैठका बसवून, त्यांवर ब्रॅकेटसकट तिप्पट मोठं दाखवणारी नंबर ३२ दुर्बीण त्या नळीशी जुळवली जाई. मग रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर ठोकायचा आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्यावर. दोन स्क्रू हातानं सोडले की दुर्बीण निघायची, पत्र्याच्या डब्यात ठेवता यायची. पण परत बसवायची ती त्याच रायफलीवर. लग्नाची नोंद दोन्ही घरी असावी, तसा हा प्रकार.

रेलचा मार्ग वेगळा. अमेरिकेत वीव्हर कंपनीची खाचांची पट्टी शिकारी रायफलींवर रूढ होती, पण दोन खाचांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसे. १९९५ साली अमेरिकी सैन्यानं पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावानं ओळखलं जाणारं प्रमाण ठरवलं. खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर, एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. २००९ मध्ये नाटोनं त्यात सुधारणा केली. पकड रेलच्या तिरक्या कडांवरून न मोजता वरच्या सपाट पृष्ठभागाचा आधार धरायचा, म्हणजे काढून परत लावलेली दुर्बीण पुन्हा त्याच जागी येण्याची खात्री वाढते. पण हे सगळं त्याच रायफलीवर.

दुसऱ्या रायफलीवर काय होतं? रेल प्रमाणात असली तरी ती नळीशी किती समांतर आहे, हे प्रत्येक रायफलीत थोडं वेगळं असतं. समजा, १०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन पकडींपैकी एकीखाली ०.१ मिलिमीटरचा फरक पडला. साधारण कागदाच्या जाडीएवढा. म्हणजे हजारात एक. ३०० मीटरवर गोळी ३० सेंटीमीटर वर किंवा खाली जाईल. शिवाय प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा, काडतूस बदललं तरी मारा सरकतो. म्हणून दुर्बीण नव्या रायफलीवर गेली की गोळ्या झाडून झीरो पुन्हा करावाच लागतो. रेलमुळे बैठका घडवणारा कारागीर लागत नाही, झीरो करणारा शिपाई मात्र लागतोच.

आणि प्रमाण तरी एकच कुठंय? भारतीय सैन्यात वर्षानुवर्षं असलेल्या ड्रॅगुनोव्हची दुर्बीण डाव्या बाजूच्या सोव्हिएत पद्धतीच्या रेलवर बसते. २०१९ साली ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला, त्यांच्या माथ्यावर पिकॅटिनी रेल. एकाच सैन्यात दोन प्रमाणं, आणि एकाची दुर्बीण दुसऱ्यावर सरळ बसतच नाही.

आपल्यासारख्या अभ्यासकांसाठी यातला खरा मुद्दा पुराव्याचा आहे. नंबर ४ (टी) वरची दुर्बीण मूळची की नंतर कुणी जोडलेली, हे दोन क्रमांक ताडून सांगता येतं. रेलवरची दुर्बीण अशी साक्ष देत नाही. जोडी आजही असते, पण तिची नोंद आता शिपायाच्या वहीत असते, आणि वह्या लोखंडाइतक्या टिकत नाहीत. तेव्हा संग्रहालयात अशी जुनी रायफल दिसली, तर काचेला नाक लावून आधी दस्ता पाहा, मग ब्रॅकेट. आणि कुणा निवृत्त सैनिकाच्या घरी झीरोची वही सापडली, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका.